हँडब्रेकपायी म्हशीला पेंड

मी फारसा बोलत नाही. मला काही विचारलं की मी "हूं" म्हणतो, आणि त्या हूंचा अर्थ घरच्यांनी आपापल्या सोयीनं लावायचा. बाहेरच्या लोकांना तो शहाणपणा वाटतो. तसं काही नाही. एका सकाळी एक वाक्य बोलायचं राहून गेलं आणि तिथून ही सवय लागली. वाक्य साधंच होतं. "आप्पा, हँडब्रेकची केबल मी तोडली."

आप्पा म्हणजे माझे वडील. त्यांची सगळी नोकरी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर गेली. उसाची बैलगाडी असो नाहीतर ट्रॉली, काट्यावर चढली की हलता कामा नये. हलली तर वजन चुकणार आणि शेतकरी आप्पांची कॉलर धरणार. त्यामुळे उभं राहिलेलं वाहन उभंच राहिलं पाहिजे, ही त्यांची जगाकडून पहिली आणि बहुतेक शेवटची अपेक्षा. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी मोटार घेतली. तेव्हा कोल्हापुरात जुन्या मोटारी दोनच तऱ्हेच्या दिसायच्या, एक मोठी आणि एक लहान. आमची लहान. रंग दुधी, दारं दोनदा आपटल्याशिवाय लागायची नाहीत.

आमची गल्ली उताराची. वर आमचं घर, खाली गवळीमामांचा गोठा. मामा आमचे नात्यानं कोणी नव्हते, सगळ्या गल्लीचेच मामा. आप्पा गाडीचं तोंड उताराकडे करून दारात लावायचे, गिअर काढायचे आणि हँडब्रेकचा दांडा ओढायचे. खट खट खट खट. मग खाली उतरून गाडीकडे थोडा वेळ बघत राहायचे, काट्यावर बघायचे तसं. मी एकदा म्हणालो, "गिअरमध्येच ठेवली तर काय बिघडतं?"

"झोपलेल्या माणसाच्या तोंडात घास ठेवतोस का तू? हँडब्रेक कशाला दिलाय मग, टॉवेल वाळत घालायला?"

हे टॉवेलचं लक्षात ठेवा.

मी तेव्हा शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत नोकरीला होतो. वय पंचविशीचं, म्हणजे अक्कल सोडून बाकी सगळं आलेलं. एका शनिवारी आप्पांची गाडी मागून घेऊन कामावर गेलो. आमच्यात पुण्याहून आलेला एक सहकारी होता. त्यानं डबा खाताना सांगितलं, की पळत्या गाडीचा हँडब्रेक ओढला की गाडी जागच्या जागी गर्रकन फिरते. मी म्हणालो, आमची पण फिरते. का म्हणालो, देव जाणे. फाउंड्रीच्या मागं मोकळं मैदान होतं, जळक्या वाळूचे ढीग पडलेले. चार-पाच जण बघायला आले. मी गाडी पळवली, स्टिअरिंग फिरवलं आणि दांडा दोन्ही हातांनी ओढला.

गाडी फिरली नाही. खालून कुणीतरी मोठ्ठी शीळ घालून गप्प बसावं तसा आवाज आला, आणि दांडा इतका सैल होऊन वर आला, की मला वाटलं आता उपटून हातात येतोय. सहकारी म्हणाला, "फिरली असती, पण जुनी आहे." सगळे परत कामाला लागले.

तेव्हा घरी जाऊन सांगितलं असतं, तर काय झालं असतं? शिव्या. आठवडाभर काट्याच्या गोष्टी. पण आप्पांसमोर "गाडी फिरवून दाखवत होतो" हे वाक्य बोलणं माझ्याच्यानं होणार नव्हतं. मग मी ते केलं, जे माझ्यासारखा माणूस करतो. संध्याकाळी गाडीखाली सरपटत गेलो. केबल म्हणजे पोलादी तारांचा पीळ. दांड्यापासून निघून मागच्या चाकांपर्यंत जाणारा. तो मधेच तुटून झाडूसारखा फुलला होता. दांड्याकडचा तुकडा मी बाइंडिंगच्या तारेनं चेसिसच्या आडव्या पट्टीला करकचून बांधला. म्हणजे दांडा ओढला की चार खटक्यांत घट्ट लागायचा, हाताला अगदी खरा वाटायचा. फक्त चाकांना त्याचा पत्ता नव्हता. उद्या रविवार. उद्या गुपचूप नवी केबल टाकून आणू, एका रात्रीचा तर प्रश्न आहे, असं म्हणून मी चाकापुढं अर्धी वीट लावली आणि जेवायला बसलो.

रविवारी मी उठायच्या आत आप्पा मंडईला गेलेले. विटेला त्यांनी पोरांचा चावटपणा समजून लाथेनं गटारात सारलं होतं. परत आले, गाडी दारात लावली, गिअर काढला, दांडा ओढला, खट खट खट खट, गाडीकडे बघितलं आणि चहाला आत गेले. दारातल्या फरशीच्या खाचेत चाक टेकलं होतं, तेवढ्यावर गाडी उभी. मी उंबऱ्यात बसून दात घासत होतो. आईनं डिकीतून भाजीच्या पिशव्या काढल्या आणि लागत नाही म्हणून डिकी जोरात आदळली.

गाडी निघाली. घाई नाही, गडबड नाही, कामाला निघालेल्या माणसासारखी. आईला वाटलं आप्पाच परत चालले. ती रिकाम्या गाडीमागं हाका मारत सुटली, "अहो, निघालाच आहात बाहेर तर कोथिंबीर राहिलीय!"

गल्लीच्या टोकाला, गोठ्याच्या दारात, मामांची लाडकी म्हैस रवंथ करत बसली होती. गाडी तिच्याजवळ गेली आणि बंपर तिच्या मांडीला टेकवून थांबली. थांबली म्हणजे म्हशीनंच थांबवली. ती सावकाश उठली, गाडीच्या दिव्यांत नीट बघितलं आणि असं हंबरली, की अख्खी गल्ली बाहेर आली.

आता जे सांगतोय ते आजवर लिहून तर सोडाच, बोलूनही कधी नीट सांगितलेलं नाही. सगळ्यांत आधी गाडीजवळ पोहोचलो मी. तोंडात ब्रश, हनुवटीवर फेस. खिडकीतून बघितलं तर दांडा वर. दांडा वर असून गाडी सुटली म्हणजे आप्पा गाडीखाली वाकून बघणार, आणि तिथं माझी बाइंडिंगची तार. मी विचार केला असं म्हणता येणार नाही. माझा हात आत गेला आणि दांडा खाली आला.

मागोमाग आप्पा आले. हातात बशी तशीच, बशीत चहा. त्यांनी खिडकीतून आत बघितलं. खाली पडलेल्या दांड्याकडे बघत राहिले. "मी ओढलावता की," ते म्हणाले. मग माझ्याकडे बघून, एकदम लहान आवाजात, "ओढलावता न्हवं मी?"

मी म्हणालो, "हूं." तोंडात फेस होता, हेच काय ते निमित्त.

गवळीमामा आमच्याकडून भांडणाची वाट बघत होते. आप्पा भांडलेच नाहीत. मामांचा त्यामुळे हिरमोड झाला, आणि दुसऱ्या दिवशी ते आमच्या दारात येऊन उभे राहिले.

"आप्पा, म्हस पान्हा चोराय लागलीया."

"म्हणजे?"

"म्हंजे दूध वर ओढती. कासंला हात लावला की तुमच्या घराकडं बघती. आता दूध कट्ट्यावर गिऱ्हाइकं गिलास घिऊन हुबी, धारोष्ण पायजे म्हंत्यात, आणि ही अशी. काय सांगू त्यास्नी, हिच्या अंगावर मोटार घातली म्हणून?"

"मग आता काय करायचं?"

"भ्या मोडाय पायजे तिचं. तुमच्या हातनं रोज पेंड खाऊ द्या. वळख पटली की सोडंल दूध."

म्हैस अनोळखी हाताला दूध देत नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पण जिनं गाडीचा धक्का खाल्ला तिनं गाडीच्या मालकाशी ओळख करून घ्यावी, हे मामांचं स्वतःचं शास्त्र. आप्पांनी ते मुकाट्यानं मानलं. रोज सकाळी भिजवलेल्या सरकीच्या पेंडीचं घमेलं घेऊन ते उतार उतरायचे. म्हैस लाळ घालते म्हणून सदरा काढून ठेवायचे आणि बनियनवर उभे राहून तिला भरवायचे. "खा बाई, खा. चुकलं माझं." हे मी आमच्या दारातून ऐकायचो. चूक माझी, आणि म्हशीची माफी माझा बाप मागतोय. कामावर जायची बस चुकेल म्हणून मी लगबगीनं निघायचो. बस चुकत नव्हती.

केबल मी त्याच आठवड्यात उद्यमनगरातल्या एका गॅरेजात टाकून घेतली. आप्पांना म्हणालो, बंपर बघून आणतो. मिस्त्री तोंडाचा इतका मोकळा, की त्याचं बोलणं रस्त्यापलीकडच्या लेथवाल्यालाही ऐकू जायचं. त्यानं गाडी वर घेतली, खाली बघितलं आणि ओरडला, "आयला! हे कुणी बांधलंय? केबलीला फास दिलाय व्हय?"

"आधीच्या मिस्त्रीनं," मी म्हणालो.

"कोण त्यो? नाव सांगा. चपलेनं मारतो त्याला. माणसं मारायचा धंदा हाय का ह्याचा? डावरा हाय बघा बेणं, पीळ उलटा दिलाय."

मी डावा हात खिशात घातला. मिस्त्री मागच्या चाकांचे ड्रम उघडत होता, जुनी केबल ओढून काढत होता, नवीला ग्रीस लावून आत सरकवत होता, आणि सगळा वेळ त्या आधीच्या मिस्त्रीचं खानदान धूत होता. मधेमधे थांबून म्हणायचा, "खोटं बोलतोय का मी?" मग मला म्हणावं लागायचं, "नाही, बरोबर आहे तुमचं." शेवटी त्यानं नट आवळून दांडा ओढायला लावला. पाच खटक्यांत चाक जाम. गाडीला आता पूर्वीपेक्षा चांगला हँडब्रेक होता आणि तो ओढणारं कुणी नव्हतं.

कारण आप्पांनी चावी माझ्या हातात दिली होती. "आमच्या वडलांचंबी असंच सुरू झालंतं," एवढंच म्हणाले. आजोबा शेवटची काही वर्षं घरातल्यांना ओळखत नव्हते, एवढंच मला माहीत होतं. त्याची सुरुवात कशी झाली ते कुणी बोलत नसे. आता आप्पा ती सुरुवात स्वतःत शोधू लागले. कुलूप लावून परत येऊन ओढून बघायचे. गॅसपाशी जायचे नाहीत. कुरुंदवाडला आत्याकडे जायचं तर एस.टी.नं, तेही आईला बरोबर घेऊन, आणि तिकीट आईच्या हातात. कारखान्यात उसाच्या गाडीचं वजन नुसतं बघून सांगणारा माणूस, तो बाजारात काय आणायचं हे दोनदा विचारायला लागला. आणि विसरत तर काहीच नव्हते! पण एकदा दूध उतू गेलं, की झालं, आठवडाभर तेवढंच डोक्यात.

मी रोज ठरवायचो, आज सांगायचं. रोज "हूं" म्हणून झोपायचो.

दिवाळी आली. आमच्याकडे पाडव्याला म्हशींची मिरवणूक असते. शिंगं रंगवायची, कवड्यांच्या माळा, मोरपिसं, पायात चाळ. मालक मोटारसायकलवर पुढं, सायलेन्सर काढलेला, आणि म्हैस त्या आवाजामागं भर रस्त्यातून पळत सुटायची. दुतर्फा माणसांच्या भिंती. ज्याची म्हैस मालकामागं चिकटून पळाली त्याची मान वर्षभर ताठ. आदल्या वर्षी मामांची म्हैस ऐन चौकात बसली होती आणि तालमीतल्या पोरांनी तिला "चटई टाकू का मावशी?" विचारलं होतं. मामा ते विसरले नव्हते. पण आता पंचाईत अशी, की म्हैस मोटारसायकलला ढुंकून बघेना. ती फक्त आप्पांमागं चालायची. आप्पा घमेलं घेऊन वर निघाले की ही दोर ताणायची.

"आप्पा, मोटार काढा," मामा म्हणाले. "तुमी पुढं गाडीत, मागं ही. सगळ्या कोल्हापुराची बोलती बंद."

"मी गाडी चालवत नाही."

"आता वं!"

"एवढ्या माणसांत ब्रेक विसरलो तर? म्हशीवर भागलं एकदा."

मग मामा माझ्याकडे वळले. "इंजनेर, तुमी चालवा." मी गाडी चालवून बघितली, खिडकीतून पेंडीचा गोळाही दाखवला. म्हशीनं गोळ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि खाली बसली. तिला सगळं माहीत आहे असं मला तेव्हा वाटलं, अजूनही वाटतं.

पाडव्याच्या सकाळी गोठ्यात मामा तिची शिंगं रंगवत होते आणि आप्पा बनियनवर पेंड चारत होते. मी आत गेलो. "आप्पा, ब्रेक तुम्ही ओढला होता. दांडा मी खाली केला. केबल मीच तोडली होती." एका दमात. मामांचा कुंचला शिंगावरच थांबला.

आप्पांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "बस कर," म्हणाले. "तुझी आईबी हेच करती. दूध मी उतू घालवलं, तर म्हणती गॅसच मोठा हुता. मला बरं वाटावं म्हणून सगळी मिळून खोटं बोलू नका."

एवढे दिवस दडवलेलं खरं शेवटी बाहेर काढावं आणि ते कुणी घेऊच नये! मी शप्पथ घेतली. त्यांनी मान हलवली. काट्यावरचा माणूस, पुराव्याशिवाय ऐकणारच नाही. "तुटलेली केबल दाखव मग. कुठाय?"

केबल कुठं होती? उद्यमनगरातून आल्यावर मी ती डिकीतून काढत होतो, तेव्हा मामांनी बघितली होती. "टाकणार हाईसा? द्या की." आणि तिचं त्यांनी काय केलं होतं, ते त्या क्षणी मला दिसलं. गोठ्याच्या दोन खांबांमध्ये कपडे वाळत घालायची तार. त्या तारेवर, दिवाळीपर्यंतच्या रोजच्या सकाळी, आप्पा आपला सदरा टाकत आले होते. त्या सकाळीही सदरा तिथंच होता, आणि शेजारी टॉवेल.

मी बोट दाखवलं. आप्पा गेले, सदरा काढून खांद्यावर टाकला, तारेवरून हात फिरवत टोकापर्यंत आले. फुललेलं टोक, त्याला माझी बाइंडिंगची तार तशीच. त्यांनी चष्मा वर केला.

"पीळ उलटा हाय," ते म्हणाले.

मामा म्हणाले, "म्हंजे?"

"म्हंजे ह्याचा हाय. डावरा न्हवं का त्यो? शाळेत असल्यापासनं असाच देतोय." मग सदरा घातला. एकेक बटन लावलं. शेवटचं बटन लावून झाल्यावर विचारलं, "माझा चहा बशीत हुता, आणि तू दांडा खाली केलास?"

"हो."

"ब्रश तोंडात ठिवून?"

"हो."

मला वाटलं आता कानाखाली बसणार. मामांनाही तसंच वाटलं असावं, कारण ते रंगाचा डबा घेऊन बाजूला सरले. पण आप्पांना हसूच यायला लागलं. आधी खांदे, मग पोट, मग ते म्हशीच्या पाठीवर हात टेकून हसत सुटले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. हसता हसता म्हणाले, "माझं डोस्कं बरं हाय! मामा, माझं डोस्कं बरं हाय की!"

"तुमचं बरं हाय वं," मामा म्हणाले. "पर माज्या म्हशीची माफी फुकट चुकीच्या माणसानं मागितली, त्याचं काय?"

त्याचा निकाल लगेच लागला. मला म्हशीपुढं उभं करण्यात आलं. मी नमस्कार केला. तिनं शिंगाचा ओला हिरवा रंग माझ्या शर्टाला पुसला.

दुपारी आप्पांनी गाडी काढली. मी मागच्या सीटवर उलटा बसलेला, मांडीवर घमेलं. पुढं आमची दुधी मोटार, मागं म्हैस, म्हशीमागं मोटारसायकलवर मामा, म्हणजे सगळी मिरवणूकच उलटी. पण ती पळाली. चाळ वाजवत, मान वर करून, चौक ओलांडून पळाली. तालमीतली पोरं ओरडली, "मावशी मोटारीला लागली!" आप्पांनी हॉर्न वाजवला, तेवढंच उत्तर. घरी आल्यावर उतारावर गाडी लावली, पाच खटके ओढले, उतरले आणि मला म्हणाले, "जा, गाडीपुढं हुबा ऱ्हा."

"कशाला?"

"विटंच्या जागी."

ही शिक्षा तहहयात होती. त्यानंतर ते जिथं उतारावर गाडी लावतील तिथं मी आधी उतरायचं, उताराच्या बाजूला उभं राहायचं, आणि त्यांनी "हं" म्हटलं की हलायचं. माझं लग्न झालं, मुलगी झाली, तरी माझं वीटपण सुटलं नाही. बायको सासरच्या रीती शिकताना हीही एक रीत समजायची.

त्यातच काही वर्षं गेली. आप्पा खरोखर विसरायला लागले. मला काकांच्या नावानं हाक मारायचे आणि मग रागावायचे. आईनं आणि मी त्याला नाव दिलं नव्हतं. एका दुपारी आम्ही कुरुंदवाडला आत्याकडे गेलो. तिचं घर नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर. माझ्या मनात नव्हतं, पण शेवटचा पट्टा चालवू दे म्हणून ते हटून बसले. त्यांनी गाडी नीट लावली, गिअर काढला, उतरले, "हं" म्हणाले आणि आत निघाले. मी अजून पुढंच उभा होतो. गाडी हळूच आली आणि माझ्या गुडघ्यांना टेकली. त्या म्हशीला टेकली होती तशीच.

मी कंबर लावून गाडी धरली, पायानं एक दगड ओढून चाकाखाली सारला आणि खिडकीपाशी गेलो. दांडा खाली होता. माझा हात आत गेला आणि दांडा वर आला.

आप्पा उंबऱ्यात वळून बघत होते. "हलली का रं गाडी?"

"नाही."

"मी ओढलावता न्हवं?"

त्या दिवशी मी हूं म्हणालो नाही. "ओढलावता की, आप्पा. पाच खटके. परत जाताना मात्र चावी मला द्या, माझा हात बसलाय."

ते थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले, काट्यावर बघायचे तसं. मग म्हणाले, "मग हुबा कशाला हाईस तितं? ये आत, चहा निवंल."